आधी काठ, मग गाड्या

पार्किंगचा नकाशा काढायला घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाड्या किती बसतील? आमच्या उपचार केंद्राच्या नव्या पार्किंगचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा विश्वस्तांच्या बैठकीतही हाच प्रश्न होता. कडेची झाडं म्हणजे गाड्या बसवून उरलेल्या जागेत करायची सजावट, असं सगळे धरून चालले होते. परवानगीचा अर्ज, त्यावरचे शेरे, खोदकाम, लागवड आणि शेवटची तपासणी हे सगळं पार पडल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की हा क्रम उलटा हवा. काठाची पट्टी आधी आखायची, आणि मग आत किती गाड्या बसतात ते मोजायचं. असं काम कुणाच्या वाट्याला येणार असेल तर आमच्याकडे काय काय झालं ते उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

नियमावलीतलं पार्किंगच्या कडेच्या झाडांचं प्रकरण फार लांब नव्हतं, पण पहिल्या वाचनात नुसते आकडेच अंगावर आले. रस्त्याच्या बाजूला ३ मीटर रुंद पट्टी आणि तिच्यात ९० सेंटिमीटर उंचीची वई, म्हणजे झुडपांचं कुंपण. शेजारच्या घरांच्या हद्दीला १.८ मीटर उंच आडोसा, तोही वर्षभर किमान ७५ टक्के आरपार न दिसणारा. आत दर काही गाड्यांमागे एक सावलीचं झाड. फाटकाच्या दोन्ही बाजूंना मोकळा त्रिकोण. कचऱ्याचे डबे, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर तीन बाजूंनी झाकलेले. मी पेन्सिल घेऊन प्रत्येक कलमापुढे ते कुणासाठी आहे एवढंच लिहीत गेले: पादचारी, शेजारी, बाहेर पडणारा चालक, ऊन, पावसाचं पाणी. मग ते प्रकरण उलगडायला लागलं. रस्त्याकडची वई कमरेएवढीच का, तर तिने गाड्यांची तोंडं आणि दिवे झाकायचे असतात, माणसं नाही. शेजारच्या बाजूचा आडोसा डोक्याच्या वर का, तर तिकडे कुणाच्या तरी खिडक्या असतात. आकडे ठिकाणागणिक बदलतात, पण समासात लिहिलेली ही नावं कुठल्याही नियमावलीत हीच निघतील.

त्यामुळे अर्ज करण्याआधी मी त्या नावांपैकी खऱ्याखुऱ्या माणसांना भेटायला गेले. मागच्या हद्दीला लागून एक बैठं घर आहे. तिथल्या आजींनी मला आत बोलावलं, खिडकीपाशी नेलं आणि म्हणाल्या, “ताई, झाडं लावा नाहीतर भिंत बांधा, पण ते दिवे इथे येऊ देऊ नका. पोरगं दचकून उठतं रात्री.” आमच्या मोकळ्या मैदानात तेव्हाही संध्याकाळच्या पाळीच्या गाड्या उभ्या राहत. मी त्यांना विचारून एका रात्री त्याच खोलीत थांबले. आमच्या चालकाला गाडी हद्दीकडे तोंड करून, नव्या नकाशात जिथे जागा आखली होती नेमकी तिथे आणायला सांगितली. दिवे लागले आणि समोरच्या भिंतीवर पलंगाच्या जरा वर पांढराफेक पट्टा उमटला. पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला मी चिकटपट्टी लावली. बाहेर एक सहकारी हद्दीवर पुठ्ठ्याचा मोठा तुकडा धरून उभा होता. तो पुठ्ठा हळूहळू वर नेत गेला आणि पट्टा खालून खात खात वर सरकत शेवटी दिसेनासा झाला. त्या क्षणी पुठ्ठ्याची वरची कड किती उंचीवर होती ते आम्ही दोन्ही बाजूंनी मोजलं. आमच्या बाजूने ती छातीच्या खाली होती. आजींच्या अंगणातून मोजली तर १.८ मीटरला टेकली होती.

याचं कारण साधं होतं. आमची जमीन त्यांच्या अंगणापेक्षा जवळजवळ ८० सेंटिमीटरने उंच आहे. आता नियम म्हणतो, आडोसा १.८ मीटर. पण कुठल्या बाजूने मोजायचा? शेजारच्या जमिनीपासून मोजला तर आमच्या डांबरावर तो जेमतेम एक मीटर दिसणार. छोट्या गाडीचा दिवा साधारण ६०–७० सेंटिमीटरवर असतो, तो अडेल. उंच गाड्यांचे दिवे एक मीटरच्या आसपास असतात, आणि रुग्णांना आणणाऱ्या गाड्या बहुतेक उंचच. त्यामुळे अर्जात मी स्पष्ट वाक्य घातलं की आडोशाची उंची पार्किंगच्या तयार पृष्ठभागापासून मोजली जाईल. छाननी अधिकाऱ्यांनी ते मान्य केलं आणि परवानगीच्या अटींत शब्दशः उतरवून घेतलं. ज्यांच्या जागेला उतार आहे त्यांनी हे वाक्य विसरू नये. नियमाचं पालन कागदावर पूर्ण होतं आणि दिवे तरी खोलीत येतात, असं या एका मोजमापावरून सहज घडू शकतं.

आजींना आणखी एक गोष्ट हवी होती, ती मात्र मी कबूल केली नाही. त्यांना वाटत होतं की दाट झाडीने गाड्यांचा आवाजही थांबेल. झाडीने आवाज कमी होतो, पण त्यासाठी पट्टा फार रुंद लागतो. साधारण ३० मीटर रुंदीच्या घनदाट झाडीने ५ ते ८ डेसिबल कमी होतात. आमच्या हातात होती ती ३ मीटरची पट्टी. गाडी दिसेनाशी झाली की आवाजाचा त्रास थोडा कमी वाटतो हे खरं, पण दरवाजे आपटण्याचा आवाज वईने अडत नाही. म्हणून त्या बाजूच्या जागा आम्ही दिवसा येणाऱ्या कर्मचाऱ्यांना दिल्या आणि रात्रीच्या गाड्या इमारतीच्या दुसऱ्या अंगाला नेल्या. नियमात हे कुठेच नाही. पण आवाजावर काही करायचं असेल तर गाडी कुठे उभी राहते हेच हातात असतं.

शेजारी भेटून झाले आणि आमच्याच परिचारिकांनी दुसरी बाजू मांडली. रात्री पाळी संपवून त्या गाडीपर्यंत चालत जातात. त्यातल्या एकीने नकाशावरच्या १.८ मीटरच्या हिरव्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, “मॅडम, याच्या मागे कुणी उभं असेल तर मला दिसेल का?” हा प्रश्न अगदी रास्त होता. शेजाऱ्याला जो आडोसा हवा, तोच एकट्या चालणाऱ्या बाईला नको असतो. सुरक्षित जागांची आखणी करणारे यासाठी एक मोजमाप वापरतात: झुडपं ९० सेंटिमीटरच्या आत आणि झाडांचा पर्णसंभार २.१ मीटरच्या वर, म्हणजे मधल्या पट्ट्यात डोळ्याला अडथळा नाही. रस्त्याकडे आणि आतल्या बेटांवर, म्हणजे गाड्यांच्या मध्ये झाडांसाठी सोडलेल्या जागांवर, आम्ही हे तंतोतंत पाळलं. हद्दीच्या उंच वईचं काय करायचं? ती कमी करता येत नव्हती. म्हणून चालण्याची वाट तिच्यापासून दूर, पार्किंगच्या मधोमध काढली आणि वईचा पाया कुंपणाच्या जाळीला इतका जवळ ठेवला की तिच्या मागे माणूस उभा राहण्याएवढी पोकळी उरणार नाही. त्या परिचारिकेला सुधारित नकाशा दाखवला, तेव्हा तिने दिव्याचा एक खांब वाटेच्या वळणावर आणायला सांगितला. तोही आणला.

दिव्याच्या खांबांवरून आठवलं. विजेचा नकाशा एकाने केलेला, झाडांचा दुसऱ्याने, आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून कुणी बघितलेच नव्हते. ठेवले तेव्हा अनेक खांब नेमके झाडांच्या शेंड्यांत आले. काही वर्षांनी अशा ठिकाणी एक तर दिवा पानांत बुडतो, नाहीतर झाडाचा शेंडा उडवला जातो. आम्ही खांब बुटके घेतले, वरून झाकलेले दिवे बसवले म्हणजे उजेड खालीच पडतो, आणि खांब-झाड यांच्यातलं अंतर पूर्ण वाढलेल्या घेरावरून धरलं, लावतानाच्या रोपावरून नाही.

आता जुन्या झाडाबद्दल. पश्चिमेच्या हद्दीवर एक जुनं डेरेदार झाड होतं. पहिल्या नकाशात ते ‘राखायचं झाड’ म्हणून गोल काढून दाखवलं होतं, आणि त्या गोलाच्या भोवती चारी बाजूंनी गाड्या. खोड वाचलं म्हणजे झाड वाचलं असं नसतं. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास जितके सेंटिमीटर, त्याच्या बारापट त्रिज्येत जमीन हलवू नये, असा या क्षेत्रातला सर्वमान्य ठोकताळा आहे. आमच्या झाडाचा व्यास ४५ सेंटिमीटर भरला. म्हणजे खोडापासून सगळीकडे ५.४ मीटर. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या मीटरभर मातीतच असतात, त्यामुळे डांबराखालचा भराव टाकायला जी माती उकरतात ती नेमकी त्यांचीच. ५.४ मीटरचं वर्तुळ नकाशावर काढलं आणि गाड्यांच्या काही जागा गेल्या. बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. मी एवढंच मांडलं की आजपासून सुरुवात केली तर एवढी सावली देणारं झाड उभं करायला एक पिढी जाईल, आणि नव्या झाडांच्या संख्येत हे झाड नियमानेच धरलं जातं. जागा सोडायचं ठरलं. पहिलं यंत्र आवारात येण्याआधी त्या वर्तुळावर पक्की जाळी उभी केली. सुतळी बांधून उपयोग नसतो, वाळूचा ट्रक सुतळीवरून जातो.

अर्ज दाखल झाल्यावर जे शेरे आले त्यांतले बरेचसे मला पटले. सर्वांत महत्त्वाचा होता फाटकाजवळच्या त्रिकोणाचा. गाडी बाहेर काढताना चालकाला पदपथावरचा माणूस दिसला पाहिजे, म्हणून त्या त्रिकोणात ७५ सेंटिमीटरच्या वर आणि २.४ मीटरच्या खाली काहीही नको. अमेरिकेत रस्त्यांच्या आखणीत गाडीतल्या चालकाचा डोळा १.०८ मीटरवर धरतात. ९० सेंटिमीटरची वई त्याच्या डोळ्याखाली राहते हे खरं, पण वईपलीकडून येणारं लहान मूल किंवा चाकाच्या खुर्चीतला माणूस तिच्यात झाकला जातो. उपचार केंद्राच्या फाटकावर तर हीच माणसं जास्त. अधिकाऱ्यांनी मागितलं त्याहून मोठा त्रिकोण आम्ही स्वतःहून मोकळा ठेवला, नावाची पाटीसुद्धा त्यातून बाहेर काढली. ट्रान्सफॉर्मरचा शेरा वेगळा होता: तीन बाजूंनी झाका, पण दाराची बाजू आणि दार उघडून माणूस उभा राहील एवढी जागा सोडा, नाहीतर पहिल्याच दुरुस्तीला वई छाटली जाईल.

एक शेरा गाड्यांच्या पुढच्या भागाचा होता. चाक कर्बला, म्हणजे पट्टीच्या उंच काठाला, टेकलं तरी गाडीचं तोंड साधारण ६० सेंटिमीटर पुढे, म्हणजे पट्टीवर, लोंबतं. ३ मीटरची पट्टी दाखवायची आणि तिच्यातले ६० सेंटिमीटर गाड्यांखाली, हे मान्य नाही. यातून चांगली वाट निघाली. गाडीच्या जागेची लांबी तेवढीच कमी केली, डांबर ६० सेंटिमीटर अलीकडे थांबवलं आणि पट्टी तेवढी रुंद केली. गाडीचं तोंड लोंबतं त्या भागात रोपं नाहीत, जाड खडी आहे. एका अटीवर मात्र मी आग्रह धरला. त्यांना पट्टीभोवती सलग कर्ब हवा होता. मी ठरावीक अंतरावर कर्बला फटी ठेवायची परवानगी मागितली आणि पट्टीची माती डांबरापेक्षा १५ सेंटिमीटर खाली दाखवली, म्हणजे पावसाचं पाणी गटारात जाण्याआधी झाडांना मिळेल. उलट प्रकार सगळीकडे दिसतो: पट्टी उंच, ढिगासारखी, आणि प्रत्येक सरीत तिच्यातली माती डांबरावर. फटी मंजूर झाल्या. मातीचा बांध घालून आडोसा करायची सूचनाही कुणीतरी केली होती, पण उतार तीनास एक धरला तर ९० सेंटिमीटर उंच बांधाला पायथ्याशी ५.४ मीटरहून जास्त रुंदी लागते. ती आमच्याकडे नव्हती.

मातीबद्दल मात्र नियमावली जवळजवळ गप्प होती. झाडांची संख्या, लावतानाची उंची, खोडाची जाडी, दोन झाडांतलं अंतर, सगळं होतं. मुळांना माती किती मिळणार, हे कुठेच नव्हतं. माझ्या मते सगळं प्रकरण इथेच लंगडं पडतं, आणि असे नियम असूनही इतक्या पार्किंगांच्या कडेला काटकुळी झाडं दिसतात त्याचं मोठं कारण हेच आहे.

कडेच्या पट्टीत आम्ही गुडघाभर खोल खड्डा घेतला. वरची वीतभर मुरूम होती. त्याखाली विटांचे तुकडे, चुन्याचे गठ्ठे, जुन्या पायाचं काँक्रीट. त्याच्याही खाली माती लागली, पण पहार मारली की टणकन आवाज यायचा. खड्डा पाण्याने भरला, जिरू दिला, पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्याहून जास्त पाणी तसंच होतं. अशा जागी खड्ड्यापुरती चांगली माती घालून झाड लावलं तर ते कुंडीत लावल्यासारखंच असतं: पावसाळ्यात मुळं पाण्यात, उन्हाळ्यात कोरडी, आणि चुन्या-काँक्रीटच्या क्षारामुळे पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

मग मी हिशेब मांडला. सव्वा मीटर लांब-रुंद आणि मीटरभर खोल खड्ड्यात माती बसते जेमतेम दीड घनमीटर. सावली देणाऱ्या मोठ्या झाडाला चांगली माती २५ ते ३० घनमीटर लागते असा अंदाज धरतात. एका गाडीची जागा, २.५ गुणिले ५ मीटर, सोडून ९० सेंटिमीटर खोल माती भरली तर ११ घनमीटर. समोरासमोरच्या दोन जागा मिळून लांबट बेट केलं तर २२. म्हणजे एकेका गाडीएवढी चौकोनी बेटं विखरून टाकण्यापेक्षा सलग लांब पट्ट्या कितीतरी बऱ्या, कारण त्यात शेजारशेजारची झाडं एकमेकांची माती वापरतात. अधिकाऱ्यांना हे मातीचे आकडे झाडागणिक लिहून दिले आणि विखुरलेली बेटं एकत्र करायची परवानगी मागितली. नियमात ‘दर इतक्या गाड्यांनंतर बेट’ असं होतं. त्यांनी वरिष्ठांना विचारून, एकूण क्षेत्रफळ कमी होणार नाही या अटीवर, मान्यता दिली. जिथे पट्टी रुंद करणं शक्यच नव्हतं तिथे पदपथाच्या फरशीखाली खडी-मातीचं मिश्रण भरलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात ही पद्धत विकसित झाली. मोठी टोकदार खडी एकमेकीत अडकून वरचा भार पेलते आणि तिच्या फटींतली माती दबत नाही, त्यामुळे मुळं फरशीखालून पुढे जाऊ शकतात.

मुकादमांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: रोलर पट्टीत जाता कामा नये. एरवी आवार सपाट करताना रोलर हद्दीपर्यंत फिरतो, कारण तसं करणं सोपं पडतं. मग डांबर होतं, कर्ब बसतो आणि सगळ्यांत शेवटी, धुम्मस केलेल्या त्याच जमिनीत, झाडं लावायला माणूस येतो. आम्ही पट्टीच्या कडेने लोखंडी खुंट ठोकले, आतला राडारोडा ९० सेंटिमीटर खोलीपर्यंत काढला, तळ फोडून सैल केला, नवी माती भरली आणि मगच डांबराच्या कामाला सुरुवात करू दिली. मुकादमांना आधी हे उलटं वाटलं. नंतर पट्टीच्या कडेवरूनच उतार आणि पातळ्या धरता येतात हे बघितल्यावर त्यांनाही सोयीचं झालं.

सावलीच्या कलमावर थोडं सांगायलाच हवं. नवं डांबर त्याच्यावर पडलेल्या उन्हातला ९० टक्क्यांहून जास्त भाग शोषून घेतं, त्यामुळे पार्किंगमधली सावली ही चैन नसते. नियम मात्र दोन तऱ्हेने लिहिता येतो. एक म्हणजे झाडं मोजायची. लॉस एंजलिसच्या नियमात चार गाड्यांमागे एक झाड आहे. दुसरी तऱ्हा कॅलिफोर्नियातल्याच सॅक्रामेंटोची: तिथे १९८३ पासून असा नियम आहे की पार्किंगच्या निम्म्या फरसबंद भागावर १५ वर्षांत झाडांची सावली आली पाहिजे. मला दुसरी तऱ्हा अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती रोपाची नाही तर परिणामाची भाषा बोलते. पण तिथल्या पाहणीतही प्रत्यक्ष सावली अपेक्षेच्या बरीच मागे राहिल्याचं दिसलं. कागदावर झाडाचा पूर्ण घेर धरला जातो, आणि खाली माती तेवढा घेर होऊ देत नाही किंवा वर करवत होऊ देत नाही. फ्रान्सने २०२३ मध्ये कायदा करून १५०० चौरस मीटरहून मोठ्या पार्किंगच्या निम्म्या भागावर सौर पॅनेलची छतं सांगितली आणि जिथे झाडांची पुरेशी सावली आहे तिथे सूट दिली. छत पहिल्या दिवसापासून सावली देतं हे मान्य, पण ते पाणी जिरवत नाही आणि हद्दीवरचा शेजाऱ्याचा प्रश्न सोडवत नाही.

वईला काय लावायचं यावर प्रत्येकाची आवड होती. आजींच्या मुलाला बांबू हवा होता, लवकर वाढतो म्हणून. बांबूत दोन प्रकार असतात. बेटाने वाढणारा जागा सोडत नाही, पण जमिनीखालून धावणारा हद्द ओलांडून शेजारच्या फरशीतून वर येतो. दुसरा आम्ही साफ नाकारला, आणि पहिल्याचीही एका कोपऱ्यातच दोन बेटं लावली. कण्हेर दिवे अडवायला उत्तम, धूर-धूळ सोसते, रस्त्यांच्या दुभाजकांवर ती म्हणूनच दिसते. पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो, आणि आमच्याकडे लहान मुलं येतात. वड-पिंपळाच्या कुळातली झाडं फरशी उचलतात, ती पट्टीत नकोत. राहिली वई एकाच जातीची करावी की मिसळ. एकसारखी हिरवी भिंत दिसायला छान, पण एक रोग आला की सगळी जाते. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये शहरी झाडांसाठी एक प्रमाण सुचवलं होतं: एका जातीची झाडं १० टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २० आणि एका कुळाची ३०. छोट्या आवारात ते तंतोतंत जमत नाही, तरी आम्ही वईत चार प्रकारची सदाहरित झुडपं आळीपाळीने, दोन ओळींत एकाआड एक लावली. एका ओळीतली फट दुसऱ्या ओळीतल्या झुडपाने भरते, आणि ७५ टक्क्यांची अट लवकर पुरी होते.

लागवडीच्या दिवशी मी दिवसभर तिथे होते. रोपांच्या हुंड्या, म्हणजे मुळांभोवतीचे मातीचे गोळे, सोडल्यावर ज्यांची मुळं पिशवीत गोल गोल फिरली होती ती बाजूला काढली, बाकीची लावताना खोड आणि मुळं जिथे मिळतात तो फुगीर भाग मातीच्या वर दिसेल एवढीच खोली ठेवली. आळी केली, पालापाचोळ्याचं आच्छादन टाकलं, खोडापासून चार बोटं लांब. अंतिम तपासणीला अधिकारी आले, त्यांनी संख्या मोजली, खोडं मोजली, वईची उंची डांबरापासून मोजली आणि प्रमाणपत्र दिलं. पहिली दोन वर्षं मेलेलं प्रत्येक रोप बदलून देण्याची हमी संस्थेकडून लिहून घेतली. ही अट फार चांगली आहे, कारण पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी आहे की नाही यावरच सगळं ठरतं.

पहिल्या उन्हाळ्यानंतर वईत एका भागात तपकिरी वाळलेले गोल दिसायला लागले, सगळे एकाच उंचीवर, गुडघ्याखाली. रोग असावा म्हणून पानं तपासून घेतली, काही सापडलं नाही. शेवटी माळीकाकांनी उलगडा केला. त्या भागात गाड्या मागे घेऊन लावत होते आणि सायलेन्सरचा गरम झोत थेट वईवर येत होता. तोंड हद्दीकडे करून लावा म्हणावं तर दिवे वईवर, पण ते अडवायलाच तर वई आहे. ‘गाडीचे तोंड वईकडे’ अशा पाट्या लावल्या, चाकांचे अडथळे थोडे अलीकडे घेतले आणि पावसाळ्याच्या तोंडावर नांग्या भरल्या, म्हणजे गेलेल्या झुडपांच्या जागी नवी लावली. आता तिथली झुडपं बाकीच्यांच्या बरोबरीला आली आहेत. आजींच्या खोलीत पुन्हा एकदा रात्री जाऊन बघितलं, उंचातली उंच गाडी आणून. भिंतीवर काही आलं नाही.

सध्या काम चालू आहे ते छाटणीचं. वई पायथ्याशी रुंद आणि शेंड्याला अरुंद ठेवायची, नाहीतर वरच्या भागाच्या सावलीने खालची पानं गळतात आणि नेमकी दिव्याच्या उंचीवर भोकं पडतात. आम्ही वईची ओळ हद्दीपासून थोडी आत लावली आहे. त्यामुळे तिची शेजारची बाजू सहसा हद्दीच्या पलीकडे जात नाही, आणि जाळीतून बाहेर डोकावलेल्या फांद्या माळीकाका आजींना विचारून त्यांच्या अंगणातून कापतात. कोणती बाजू कुणी आणि वर्षातून कधी कापायची, हे आम्ही दोन्ही घरांनी एका कागदावर लिहून त्यावर सह्या केल्या आहेत. नकाशाच्या फाईलमध्ये तो कागद परवानगीच्या मागेच लावलेला आहे.